खांब मोजणारांस दोन शब्द

मढच्या जेट्टीकडून मालाड स्टेशनाकडे येणारी बस मिठाच्या चौकीपाशीं पोंचली कीं आमच्या शाळेंतील मुलें खिडकीकडे सरकत, ही गोष्ट कांहीं फार जुनी नाहीं. मार्वे रस्ता जेथें लिंक रोडला मिळतो त्या चौकांत तेव्हां पत्र्यांचें कुंपण, चिखल आणि मोठमोठीं यंत्रें यांशिवाय दुसरें कांहीं दिसत नसे. पण मुलांस तेवढें पुरे होतें. एकानें उजव्या बाजूचे खांब मोजावे, दुसऱ्यानें डाव्या बाजूचे. गेल्या महिन्यांत सात होते, या महिन्यांत नऊ झाले, असा हिशेब शाळेच्या फाटकापर्यंत चालावा. आणि संख्येवरून भांडण झालें तर परतीच्या बसमध्यें पुन्हां मोजणी करून तें मिटवावें, असा तो क्रम होता. आतां त्या खांबांवरून गाड्या धांवूं लागल्या आहेत, मोजणारीं तीं मुलें शाळा सोडून गेलीं आहेत, आणि उपनगरांतील दुसऱ्या रस्त्यांवर उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या खांबांखालून जाणारीं दुसरीं मुलें तसाच हिशेब करीत असतील.

हा पोरखेळ आहे असें समजून आम्हीं त्या वेळीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. आज आम्हांस तसें वाटत नाहीं. लोकांच्या पैशानें, लोकांच्या रस्त्यावर, लोकांकरितां जें काम चालतें तें डोळे उघडे ठेवून पाहणें हें नागरिकाचें कर्तव्य आहे. आणि जें कर्तव्य मोठेपणीं करावयाचें त्याची संवय लहानपणींच लागली पाहिजे. परंतु केवळ खांब मोजल्यानें हें कर्तव्य पुरें होत नाहीं. काय मोजावें, काय पाहावें आणि पाहून कोणतें मत बनवावें, याविषयीं विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं दोन शब्द बोलावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मुंबईचा आणि लोखंडी रुळांचा संबंध जुना आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास उतारूंची पहिली गाडी गेली; तें अंतर सुमारें ३४ किलोमीटर होतें. ९ मे १८७४ रोजीं शहरांत घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ सालीं विजेची ट्राम आली, आणि ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम धांवून तो अध्याय संपला. मध्यंतरीं १९२८ सालीं कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या, आणि आमचीं उपनगरें त्या गाड्यांच्या आधारानें वाढलीं. ट्राम बंद होऊन पन्नास वर्षें झालीं त्याच २०१४ सालीं, फेब्रुवारी महिन्यांत मोनोरेल आणि ८ जून रोजीं वर्सोवा ते घाटकोपर ही पहिली मेट्रो, अशा दोन नव्या गाड्या मुंबईंत सुरू झाल्या. ज्या शहरानें आपल्या रस्त्यांतले रूळ उखडून टाकले त्याच शहरास पुढें रस्त्यांच्या डोक्यावर रूळ घालण्याची पाळी आली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तिच्याकडे आम्ही पुढें वळूं.

आमच्या बाजूच्या मार्गास ‘मेट्रो २ अ’ असें नांव आहे. दहिसर पूर्वेपासून अंधेरी पश्चिमेपर्यंत त्याची लांबी सुमारें १८.६ किलोमीटर असून त्यावर १७ स्थानकें आहेत. ऑक्टोबर २०१५ मध्यें पायाभरणीचा समारंभ झाला. २०१६ पासून रस्त्यावर काम दिसूं लागलें. ३१ मे २०२१ रोजीं चांचणीच्या गाडीचा आरंभ झाला. आणि २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, मार्गाचा पहिला भाग उतारूंस खुला झाला. मात्र हा पहिला भाग डहाणूकरवाडीपर्यंतच होता. दहिसरकडून आलेली गाडी तेथून परत फिरे. डहाणूकरवाडीच्या पुढचें पहिलेंच स्थानक म्हणजे वळनई–मीठ चौकी, अर्थात् मढच्या बसचा चौक. तेथील खांब केव्हांच उभे राहिले होते, मुलांची मोजणीही संपली होती. तरी त्या चौकांतून गाडी जाण्यास जानेवारी २०२३ उजाडावा लागला. एका स्थानकाच्या अंतरावर गाडी येऊन थांबलेली आहे आणि आपल्याकडे ती येत नाहीं, हें त्या नऊ महिन्यांत मुलांना कांहीं केल्या समजेना. “खांब तर सगळे झाले,” असें तीं म्हणत. त्यांची समजूत घालण्याच्या निमित्तानें आम्हांसही कांहीं गोष्टी शिकाव्या लागल्या.

त्यांतील पहिली गोष्ट ही कीं खांब दिसूं लागतो तेव्हां काम सुरू झालेलें असतें असें नव्हे. कामाचा एक मोठा भाग तोंपर्यंत होऊन गेलेला असतो. रस्त्याखालीं पाण्याचे नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या, विजेच्या व दूरध्वनीच्या तारा यांचें एक जाळेंच असतें. तें शोधून, एकेक वाहिनी बाजूस सारून, लोकांचें पाणी आणि वीज न तोडतां जागा मोकळी करावी लागते. मग जमीन कशी आहे हें खोल भोंक पाडून पाहावें लागतें. आमच्या मालाड–मार्वेकडील भाग खाडीच्या शेजारचा. अशा जमिनींत वरचा चिखल किती, खडक किती खोल, हें समजल्यावांचून पायाची खोली ठरत नाहीं. नंतर यंत्रानें विवर खोदून, त्यांत सळयांचा पिंजरा सोडून, काँक्रीट ओततात. असे कित्येक स्तंभ जमिनीखालीं तयार झाले म्हणजे त्यांच्या माथ्यावर एक जाड बैठक बांधतात, आणि त्या बैठकीवर आपणांस दिसणारा खांब उभा राहतो. ज्या दिवशीं मुलांनीं ‘एक’ म्हणून मोजला त्या दिवसाच्या आधीं त्या खांबासाठीं किती दिवस आणि किती रात्री गेल्या होत्या, हें बसच्या खिडकींतून कसें दिसावें?

दुसरी गोष्ट, खांब हा कामाचा शेवटही नव्हे. दोन खांबांमध्यें घालावयाच्या अजस्र तुळया दुसऱ्या ठिकाणीं ओतून तयार करतात, आणि रस्त्यावरील रहदारी मंदावल्यावर रात्रीं लांब गाड्यांवरून आणून क्रेनच्या साह्यानें चढवितात. गांव झोंपलेला असतां हें काम होतें. म्हणून सकाळीं मुलांस एकाएकीं दोन खांब जोडलेले दिसत आणि त्यांना तो चमत्कार वाटे. तुळयांवर रूळ, रुळांवर २५ हजार व्होल्ट दाबाची वीज वाहणारी तार, मग संकेत देणारीं यंत्रें, फलाटावरील दारें, जिने, उद्वाहक, आणि सरतेशेवटीं रिकाम्या गाड्या पुन्हां पुन्हां धांववून घेतलेली परीक्षा. हें सर्व झाल्यावर रेल्वे-सुरक्षेचे आयुक्त येऊन तपासणी करतात आणि त्यांनीं दाखला दिल्यावांचून एकही उतारू गाडींत चढूं शकत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांस परीक्षा ही आपल्यावरच आलेली आपत्ति वाटते. त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं काँक्रीटच्या खांबालाही ती चुकत नाहीं.

हें समजलें म्हणजे दोन प्रकारच्या बोलण्यापासून मनुष्य दूर राहतो. पत्र्यांचें कुंपण दिसतांच “हें काम आमच्या हयातींत होत नाहीं” असें म्हणणारे गृहस्थ बसमध्यें नेहमीं भेटतात, आणि पहिला खांब दिसतांच “आतां काय, झालेंच!” असें म्हणणारेही भेटतात. दोघांनींही काम पाहिलेलें नसतें. एकानें आपला कंटाळा पाहिलेला असतो आणि दुसऱ्यानें आपली हौस. आमच्या मतें या दोहोंपेक्षां तें खांब मोजणारें मूल अधिक शहाणें. कारण तें निदान एक खरी गोष्ट सांगतें, आणि चुकलें तर पुन्हां मोजावयास तयार असतें.

परंतु विलंबाविषयीं मौन धरावें असा याचा अर्थ नव्हे. मुंबईच्या पहिल्या मेट्रोची पायाभरणी जून २००६ मध्यें झाली आणि गाडी धांवली जून २०१४ मध्यें, म्हणजे ११.४ किलोमीटरांच्या मार्गास आठ वर्षें लागलीं. दाट वस्तींतील अरुंद रस्ते, अंधेरीस चालत्या रेल्वेवरून न्यावयाचा पूल, द्रुतगती महामार्ग ओलांडण्यासाठीं तारांच्या आधारानें तोललेला दुसरा पूल, अशीं कठीण कामें त्यांत होतीं हें आम्हांस मान्य आहे. तरी प्रत्येक वेळीं नवी तारीख जाहीर व्हावी आणि ती टळावी, आणि टळल्याचें कारण सामान्य माणसास कोणीं नीट सांगूं नये, हें योग्य नाहीं. बुरूज बांधूं इच्छिणारानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीं तर अर्धवट बांधकाम पाहून लोक हंसतील, असा एक दृष्टांत आपल्या शास्त्राच्या तासाला सर्वांनीं ऐकलेला आहे. त्या दृष्टांतांतला खर्च केवळ पैशाचा नव्हे, वेळेचाही आहे. ज्या दुकानदाराच्या दारापुढें चार वर्षें पत्रे उभे राहतात, ज्या मुलाची बस रोज अर्धा तास अडकते, त्यांनींही त्या कामाची किंमत भरलेली असते. त्यांना खरी तारीख विचारण्याचा हक्क आहे, आणि खरी तारीख सांगणें हें काम करणारांचें कर्तव्य आहे.

आतां मोजण्याच्या दुसऱ्या गोष्टीकडे येऊं. एका पावसाळ्यांतील सकाळीं आमची बस त्याच चौकांत बराच वेळ अडकून पडली होती. शाळेची वेळ टळली होती, आणि बसमधील सर्वांप्रमाणें आम्हीही त्या खोदकामास मनांतल्या मनांत बोल लावीत होतों. इतक्यांत पत्र्यांच्या फटींतून आंतला खड्डा दिसला. पिवळीं शिरस्त्राणें घातलेले चारपांच मजूर कमरेइतक्या पाण्यांत उभे राहून पंपाची नळी सरळ करीत होते. त्यांतला एक तर आमच्या वरच्या वर्गांतील मुलाएवढा दिसत होता. आम्ही कोरड्या बसमध्यें बसून उशीर झाल्याची तक्रार करीत होतों. त्याची तक्रार कोण ऐकत होता? त्या दिवशीं आम्हीं बोल लावणें थांबविलें.

हे मजूर बहुधा दूरच्या प्रांतांतून येतात, कामाच्या जागेशेजारीं पत्र्यांच्या खोल्यांत राहतात, आणि काम संपलें कीं दुसऱ्या शहरीं जातात. २०२० सालीं महामारीच्या टाळेबंदींत हातचें काम थांबून असे हजारों लोक आपापल्या गांवीं गेले, तेव्हां कुठें शहरास कळलें कीं यंत्रें कितीही मोठीं असलीं तरी तीं आपणहून चालत नाहींत. ४ सप्टेंबर २०१२ रोजीं पहिल्या मेट्रोच्या कामावर अंधेरी–मरोळ भागांत बांधकामाचा एक भाग कोसळून एक मजूर प्राणास मुकला व कित्येक जखमी झाले. पुढें गाडी सुरू झाली, समारंभ झाला, कोनशिलेवर मोठ्या माणसांचीं नांवें कोरलीं गेलीं. त्या मजुराचें नांव त्या गाडींतून रोज जाणाऱ्या हजारोंतून एकास तरी ठाऊक असेल काय? आमचें मत असें आहे कीं प्रत्येक सार्वजनिक कामाच्या हिशेबांत किती किलोमीटर झाले याच्या बरोबरीनें किती माणसें जखमी झालीं व किती दगावलीं हेंही जाहीर झालें पाहिजे. खांब मोजणाऱ्या मुलास आम्ही सांगूं, खांबाजवळ उभीं असलेलीं माणसेंही मोज.

मोजण्याची तिसरी गोष्ट म्हणजे झाडें. मेट्रो ३ हा भुयारी मार्ग सुमारें ३३.५ किलोमीटरांचा असून तो ऑक्टोबर २०२५ मध्यें कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाला. त्या मार्गाच्या गाड्यांच्या आगाराकरितां आरे वसाहतींतील दोन हजारांहून अधिक झाडें ऑक्टोबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यांत अगदीं थोड्या वेळांत तोडण्यांत आलीं. त्यावरून मोठा वाद झाला. कायद्याच्या अभ्यासक्रमांतील एका विद्यार्थ्यानें सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांस पत्र लिहिलें. न्यायालयानें त्याची दखल घेऊन ७ ऑक्टोबर रोजीं पुढील तोड थांबविली. तोंपर्यंत बहुतेक झाडें पडलीं होतीं, ही गोष्ट निराळी. मेट्रोनें रस्त्यावरील मोटारी कमी होतात, धूर कमी होतो, ही बाजू खोटी नाहीं. आणि तोडलेलें झाड परत उभें राहत नाहीं ही बाजूही खोटी नाहीं. दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर येतात तेव्हांच विचाराची गरज असते. अशा वेळीं एका विद्यार्थ्याचें पत्र देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायासनापर्यंत जाऊं शकलें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. आणि तें पत्र कांहीं दिवस आधीं पोंचतें तर काय झालें असतें, याचाही विचार करावा. पाहणें जसें आवश्यक तसें वेळीं पाहणें आवश्यक.

आतां त्या उखडलेल्या रुळांकडे वळूं. एखादा मार्ग बांधून झाला म्हणजे आपलें पाहण्याचें काम संपलें, असें पुष्कळांस वाटतें. मुंबईच्या मोनोरेलची गोष्ट त्यांनीं आठवावी. २०१४ सालीं चेंबूर ते वडाळा आणि २०१९ सालीं पुढें संत गाडगे महाराज चौकापर्यंत असा जवळजवळ २० किलोमीटरांचा तो मार्ग तयार झाला. त्या वेळीं त्याचेही खांब कौतुकानें मोजले गेले होते. पण गाड्या थोड्या, त्या येण्यास वेळ फार, आणि लोकांच्या नेहमींच्या जाण्यायेण्याशीं मार्गाचा मेळ कमी. त्यामुळें उतारू अपेक्षेप्रमाणें मिळाले नाहींत. १९ ऑगस्ट २०२५ रोजीं मुसळधार पावसानें लोकल गाड्या बंद पडल्या, तेव्हां एकाच वेळीं गर्दी मोनोरेलकडे लोटली, आणि अति भारानें गाडी मधल्यामध्यें उंचावर अडकून शेंकडों उतारूंस अग्निशामक दलाच्या शिड्यांनीं उतरवावें लागलें. पुढच्याच महिन्यांत, २० सप्टेंबरपासून, सुधारणेकरितां ती गाडी थांबविण्यांत आली. खांब उत्तम उभे होते. उणीव खांबांत नव्हती. म्हणून काम पूर्ण झालें कीं नाहीं हें खांबांवरून ठरवूं नये. त्या खांबांवरून जाणाऱ्या माणसांचें काम सुकर झालें कीं नाहीं यावरून ठरवावें.

आणि येथें आम्ही मढच्या प्रश्नाशीं येतों. मढ, भाटी, एरंगळ, आक्सा या गांवांस समुद्रानें आणि खाडीनें तीन बाजूंनीं वेढलेलें आहे. मढच्या धक्क्यावर उभें राहिलें तर पलीकडचें वेसावें हांकेच्या अंतरावर दिसतें. पण गाडीरस्त्यानें तेथें जावयाचें झाल्यास मार्वे, मालाड, गोरेगांव असा मोठा वळसा पडतो. आगगाडी या भागांत कधींच आली नाहीं. १७३९ सालीं मराठ्यांनीं पोर्तुगीझांकडून घेतलेला मढचा किल्ला आणि १५७५ सालचें एरंगळचें सेंट बोनाव्हेंचर चर्च यांनीं पुष्कळ राज्यें पाहिलीं, पण रूळ पाहिले नाहींत. आतां खाडीच्या पलीकडे वर्सोव्याची मेट्रो आणि रस्त्याच्या टोकास मिठाच्या चौकीची मेट्रो, अशा दोन मेट्रो मढच्या दोहों बाजूंस आल्या आहेत. पण पहिलीपर्यंत जाण्यास तर आणि तरीनंतर रिक्षा. दुसरीपर्यंत जाण्यास बस. तर वाऱ्यापावसानें थांबली, किंवा बस गर्दीनें भरून न थांबतां पुढें गेली, तर पुढच्या मेट्रोचा वेग मढच्या मुलाच्या काय कामाचा? वातानुकूलित गाडीनें वाचविलेलीं दहा मिनिटें बसथांब्यावर उन्हांत उभें राहून फेडावीं लागलीं, तर हिशेब जमेचा कीं खर्चाचा? जानेवारींत एरंगळच्या सणाच्या रविवारीं मार्वे रस्त्यावर जी दशा होते ती ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें अधिक सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट. पहांटे मासळीच्या पाट्या घेऊन निघणाऱ्या आमच्या कोळी भगिनींचा विचार या नव्या गाडीच्या आंखणींत कोणीं केला आहे काय? लोकल गाडीस सामानाचा स्वतंत्र डबा असतो. त्यांत पाटी ठेवून मावशी बसते आणि बाजारास वेळेवर पोंचते. मेट्रोस असा डबा नाहीं. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांची फी, वह्या आणि गणवेश याच पाट्यांतून येतात. मुलानें वातानुकूलित गाडीनें शाळेस जावें आणि त्याच्या आईनें आपली पाटी घेऊन खालच्या रस्त्यावर दुसरें वाहन शोधावें, ही प्रगति अर्धी आहे असें आम्ही म्हटलें तर कोणीं राग मानूं नये. उलट जें चांगलें झालें तेंही सांगितलें पाहिजे. १ मे २०२३ पासून मेट्रो २ अ व मेट्रो ७ या मार्गांवर बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांस, ६५ वर्षांवरील वृद्धांस आणि अपंगांस भाड्यांत शेंकडा २५ सवलत देण्यांत आली. म्हणजे विचार करणारांनीं विचार केला तर गाडी सर्वांची होऊं शकते. तोच विचार बसच्या वेळापत्रकाचा, तरीच्या धक्क्याचा, स्थानकाखालील पादचाऱ्यांच्या वाटेचा आणि कोळिणीच्या पाटीचा व्हावा, एवढीच आमची मागणी आहे. वेसावें आणि मढ यांस जोडणारा पूल महानगरपालिकेनें योजिला आहे. तो बांधतांना तिवरांचें रान आणि होड्यांची ये-जा यांचा हिशेब आधीं मांडला जावा, म्हणजे नंतर कोणास पत्र लिहिण्याची वेळ येणार नाहीं.

येथें कांहीं पालक विचारतील, “हें सारें खरें, पण शाळेंतल्या मुलांस याच्याशीं काय करावयाचें? त्यांनीं आपला अभ्यास करावा.” आम्ही नम्रपणें उत्तर देतों कीं हाही अभ्यासच आहे. भूगोलांत जमिनीचे थर शिकावयाचे आणि चौकांतला खड्डा पाहावयाचा नाहीं. गणितांत काळ-काम-वेग सोडवावयाचें आणि डोळ्यांसमोरच्या कामाचा वेग काढावयाचा नाहीं. नागरिकशास्त्रांत महानगरपालिकेचीं कर्तव्यें पाठ करावयाचीं आणि आपल्या रस्त्यावर तीं पार पडतात कीं नाहीं हें विचारावयाचें नाहीं, ही विद्या कोरडी राहते. आज जें मूल दहा वर्षांचें आहे तें त्याच गाडींतून पन्नास वर्षें जाणार आहे, आणि तिच्यासाठीं काढलेलें कर्जही त्याच्याच पिढीच्या करांतून फिटणार आहे. त्याला विचारण्याचा अधिकार नाहीं तर कोणास आहे?

म्हणून आमची विद्यार्थ्यांस अशी सूचना आहे कीं प्रत्येकानें एक लहानशी वही ठेवावी. ज्या रस्त्यानें आपण रोज जातों त्यावर कोणतेंही सार्वजनिक काम चालू असेल, मग तो मेट्रोचा मार्ग असो, पूल असो, गटार असो कीं शाळेपुढची पायवाट असो, त्याची नोंद आठवड्यांतून एकदां करावी: तारीख, जागा, काय पाहिलें, किती माणसें कामावर होतीं, आणि पाटीवर काम संपण्याची कोणती तारीख लिहिली आहे. ऐकलेलें लिहूं नये, पाहिलेलें लिहावें. कुंपणाच्या आंत पाऊल टाकूं नये आणि धांवत्या बसमधून वाकून पाहूं नये. जें बाहेरून दिसतें तेवढेंच पुष्कळ आहे. कांहीं चुकीचें दिसल्यास शिक्षकांस दाखवावें, आणि गरज पडल्यास त्यांच्या साह्यानें संबंधित कचेरीस सभ्य भाषेंत पत्र लिहावें. रागानें लिहिलेल्या पत्रापेक्षां तारखेसह लिहिलेलें पत्र अधिक वाचलें जातें, हा आमचा अनुभव आहे. पालकांनीं त्या वहीस हंसूं नये, उलट रात्रीं जेवतांना मुलास विचारावें, “आज काय पाहिलेंस?”

आमच्या बसमधील त्या मोजणाऱ्या मुलांपैकीं एकजण मध्यंतरीं शाळेंत भेटावयास आला होता. तो आतां स्थापत्यशास्त्र शिकतो आणि रोज मिठाच्या चौकीवरून मेट्रोनें जातो. त्या चौकांत उजव्या-डाव्या बाजूस किती खांब होते हें आम्हीं सहज विचारलें. त्यानें आंकडा तर सांगितलाच, पण पुढें म्हणाला, “सर, त्यांतल्या एका खांबाचें काम पावसाळाभर थांबलें होतें. कां थांबलें तें मला अजून कळलेलें नाहीं. खालीं पाणी लागलें असेल.” इतक्या वर्षांनंतरही तो प्रश्न त्याच्या मनांत जागा आहे, हें ऐकून आम्हांस फार समाधान वाटलें. असे प्रश्न मनांत बाळगणारीं मुलें आमच्या शाळेंतून दरसाल बाहेर पडोत, आणि उद्यां मार्ग आंखण्याचें काम जेव्हां त्यांच्या हातीं येईल तेव्हां मढच्या शेवटच्या घरापासून त्यांनीं मोजणीस आरंभ करावा, अशी आमची इच्छा आहे.